पाचवी खुर्ची

सात शाळांनी नकार दिला, तरी बाईंचा आवाज खाली आला नव्हता. नकार सगळे गोड शब्दांत होते. तुमचं इंग्रजी उत्तम आहे, पण आम्हाला जन्मापासून तीच भाषा बोलणारे शिक्षक लागतात, एवढंच. बाई घरी येऊन चपला काढायच्या आणि भावाला सांगायच्या, आणखी एका शाळेने चांगली शिक्षिका घालवली.

धाकटा भाऊ या परक्या देशात चौदा वर्षं लिफ्टदुरुस्तीचं काम करत होता. ताई, वर्षभराची रजा टाकून यायचं होतंस, हे त्याचं पालुपद रोज एकदा तरी व्हायचंच. बाई सव्वीस वर्षांच्या नोकरीचा राजीनामा देऊन आल्या होत्या. व्हिसा महिनाअखेरीला संपत होता. तोवर नोकरीचं पत्र मिळालं नाही तर परत जायचं, आणि तेही ज्यांनी हारतुरे घालून निरोप दिला त्यांच्याचसमोर. बाईंची बॅग दाराआड उभीच होती. ती कपाटावर ठेवू का, असं विचारायचं भावजयीने हल्ली सोडून दिलं होतं.

आठव्या शाळेने नमुन्याचा तास घ्यायला बोलावलं. वीस मिनिटं, विद्यार्थी पाच.

"पाच?" बाई भावजयीला म्हणाल्या. "अगं, पाच तर माझ्या दर तासाला वर्गाबाहेर उभे असायचे."

खोली लहान होती. चाकांच्या खुर्च्या, पांढरा फळा, मागे वही घेऊन बसलेल्या मुख्याध्यापिका. समोर एक टायवाला, एक मोठ्या कानातल्यांची, दोन तरुण, आणि शेवटच्या खुर्चीवर राखाडी कोटातली, बाईंच्याच वयाची एक बाई. तिच्या कोटाची कड ओली होती.

विषय होता, परवानगी कशी मागावी. बाईंनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली आणि एकेकाला बोलतं केलं. चौघांनी धडाधड चुका केल्या. बाईंनी पहिल्या दोन दुरुस्तही केल्या, पण मनात काहीतरी खटकलं. सव्वीस वर्षांत त्यांनी हजारो चुका पाहिल्या होत्या. जो खरंच चुकतो, तो चुकल्यावर मान खाली घालतो. मुद्दाम चुकणारा बाईंच्या तोंडाकडे बघतो, यांच्या लक्षात आलं की नाही म्हणून. हे चौघं टक लावून त्यांच्याकडेच बघत होते. राखाडी कोटातली तेवढी मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चौघं याच शाळेतले शिक्षक होते. पाचवा मिळाला नाही, म्हणून लादी पुसणाऱ्या बाईला ओल्या कोटासकट खुर्ची भरायला आणून बसवलं होतं.

घड्याळात बारा मिनिटं उरली होती. निमूटपणे खोट्या चुका सुधारत बसायचं, हीच परीक्षा होती. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"तुम्हा चौघांना शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही," त्या म्हणाल्या. "नाटकच करायचं आहे ना? मग अडेलतट्टू साहेबाचं करा. मला एक साहेब हवाच आहे."

मुख्याध्यापिकांचं लिहिणं थांबलं.

बाई खुर्ची सरकवत पाचवीजवळ जाऊन बसल्या आणि तिला विचारलं, तुला खरंच कुणाकडे काही मागायचं आहे का. मग तुटक शब्दांत आणि बोटांनी तिने सांगितलं. शनिवारी बहीण येणार होती, तीन वर्षांनी. सुट्टी मागायची होती. आठवडाभर ती ऑफिसच्या दारापर्यंत जाई, आणि दारात शब्द सांडून जात.

बाईंनी ते शब्द गोळा करून तिच्या तोंडी दिले. आधी तिने ते बाईंना म्हणून दाखवले. मग टायवाल्याला. त्याने कपाळाला आठ्या घालून नाही म्हटलं, तेव्हा तिने पुन्हा विचारलं. कानातल्यांवालीने तर ऐकूच आलं नाही असं केलं. मग तिचा आवाज चढला. तिसऱ्या साहेबाची वेळ येईतो ती हसत होती.

"आता खऱ्या साहेबांना विचार," बाई म्हणाल्या.

ती उभी राहिली. वळली. मुख्याध्यापिकांकडे बघत सावकाश, सगळंच्या सगळं वाक्य म्हणाली. एक शब्द मागेपुढे झाला, पण तिने मान खाली घातली नाही.

मुख्याध्यापिकांनी वही मिटली. "हो," त्या तिला म्हणाल्या. "शनिवारी सुट्टी घे." मग बाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "यांचं नाटक तुम्हाला कळलं कसं?"

"फार बघत होते माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "खऱ्या विद्यार्थ्याला तेवढी सवड नसते."

टायवाल्याने पहिल्यांदाच खाली बघितलं. मुख्याध्यापिकांनी सोमवारपासून यायला सांगितलं, आणि पत्र टपालाने पाठवू का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, टाइप होईपर्यंत मी इथेच बसते, मला घाई नाही.

दुपारी घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि थेट दाराआडची बॅग उचलली. भावजयीचा चेहरा उतरला.

"बघत काय राहिलीस?" बाई म्हणाल्या. "स्टूल आण. कपाट उंच आहे."