दीड इंचाचा ताठा

मास्तरांचा डावा खांदा उजव्यापेक्षा वर होता आणि त्यापायी त्यांनी बावन्न वर्षं वडिलांची बोलणी खाल्ली होती. "खांदा खाली. कसला एवढा ताठा?" शाळेत जाताना तेच, लग्नाच्या फोटोत तेच आणि आता टेलरिंगच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोरही तेच. गिऱ्हाइकं बिचारी घाबरून आपलेच खांदे पाडायची आणि मास्तरांचं माप चुकायचं.

वडीलही शिवणकामातलेच. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते खिडकीशी बसून बटणं लावत आणि कापायचं काम मास्तर करत. फक्त मास्तरांचा शर्ट असला की वडील कण्हत उठत आणि तो स्वतः कापत. सगळं गाव ज्याच्या कात्रीवर भरवसा ठेवतं, त्याला घरचेच स्वतःचा शर्ट कापू देत नाहीत, हे मास्तरांना फार लागायचं.

त्या दिवशी वरच्या फळीवरचा अस्तराचा ताका काढताना डावा हात नेहमीसारखा मध्येच अडला.

"आळस," वडील म्हणाले.

मास्तरांचं डोकं फिरलं. गळ्यातला टेपही न काढता ते तडक हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "खांद्याचं पातं जन्मापासूनच वर राहिलंय. आणि हे बघा, मानेच्या मणक्यापासून पात्यापर्यंत एक जास्तीचं हाड. त्यानं पातं धरून ठेवलंय, म्हणून हात पुरता वर जात नाही."

"म्हणजे हा माझा ताठा नाही?"

"ताठा असलाच तर हाडाचा. दुखत नसेल तर या वयात काढायच्या भानगडीत पडू नका."

"काढायचं कशाला? फक्त लिहून द्या. ताठा नाही, एवढंच. खाली सही."

बाईंनी हसू दाबत लिहून दिलं.

मास्तर छाती फुगवून परतले, त्यामुळे खांदा आणखीच वर गेला. आयुष्यात पहिल्यांदा वडील चुकले होते आणि त्याचा चक्क फोटो निघाला होता. आता त्यांनी एकदा, फक्त एकदाच "चुकलं माझं" म्हणावं, एवढीच मास्तरांची इच्छा होती.

वडिलांनी चिठ्ठी वाचली. एक्स-रे खिडकीच्या काचेला लावला, मास्तरांच्या गळ्यातला टेप ओढून घेतला आणि दोन्ही खांद्यांतला फरक मोजला.

"दीड इंच. बरोबर आहे."

"बरोबर म्हणजे?"

वडिलांनी मशीनच्या खणातून खाकी कागदाचे जुने नमुने काढले. सगळे मास्तरांच्याच मापाचे. सर्वांत खाली तान्ह्या बाळाच्या झबल्याचा. त्यात डावा खांदा दोन सूत, म्हणजे पाव इंच वर. शाळेच्या शर्टात पाऊण इंच. लग्नाच्या कोटात दीड.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं? मग जन्मभर बोलत का राहिलात?"

वडील टेप गुंडाळत राहिले. गुंडाळून झाल्यावर त्यांनी तो पुन्हा उलगडला.

"कापड माझ्या हातातलं होतं, ते कापलं. खांदा हातातला नव्हता. म्हटलं, निदान बोलून बघू. येईल कधीतरी खाली."

मास्तरांना भरून आलं आणि भरून आल्याचा रागही आला. ते दोन शब्द मागायचे राहूनच गेले.

"आता तो काही खाली येत नाही, बाबा."

"हं." वडिलांनी चिठ्ठीची नीट घडी घालून ती झबल्याच्या नमुन्यावर ठेवली. "मग उजवा वर कर."

मास्तरांनी मुकाट्याने केला.

"अजून थोडा," वडील म्हणाले.