सेरिनचे जुने डोळे

एकोणीस वर्षं बोंग-एला आपल्या मुलीच्या, सेरिनच्या डोळ्यांत खोटच दिसली. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा संपली त्याच आठवड्यात तिने लेकीला डोळे टपोरे करणारी पापण्यांची शस्त्रक्रिया भेट दिली. हिवाळ्यात सोलच्या अपगुजंग भागातल्या दवाखान्यांत अशा मायलेकींची रीघ लागते, आणि पोरींपेक्षा आयांनाच घाई जास्त. तिथल्या एका शहाण्या डॉक्टरने सेरिनच्या पापणीवर घडी पाडली ती नको तेवढी उंच, वर डोळ्यांचे आतले कोपरेही कापून मोठे केले. गेली पाच वर्षं सेरिन सदा डोळे वटारल्यासारखी दिसत होती. ती बालवाडीत शिकवायची. परवा एका चिमुरडीने विचारलं, "बाई, तुम्ही माझ्यावर रागावलात?" सेरिन हसली, तर पोरगी रडायलाच लागली.

तिला आता सुंदर व्हायचं नव्हतं. तिला फक्त स्वतःचे डोळे परत हवे होते. म्हणून ती बिघडलेल्या पापण्या दुरुस्त करणाऱ्या डॉक्टर प्यो बाईंकडे आली. आई न बोलावता आली.

डॉक्टर बाईंनी पापणी उचलून पाहिली. "घडी खाली आणता येईल. चरबी भरावी लागेल, वाट्टेल तेवढी काढलीय. कोपरे झाकू, पण बारीक वण राहतील. कापून फेकलेलं मी कुठून आणू? जुन्याच्या जवळपास जाऊ, एवढंच. जुना फोटो दाखवा."

सेरिनने फोन उघडला आणि तिचं तोंड उतरलं. ओळखपत्रावरचे डोळे फोटोवाल्याने टपोरे केलेले. फोटो आहे तसा देणारा फोटोवाला सोलमध्ये उपाशी मरेल. मैत्रिणींबरोबरच्या फोटोंत पाचही जणींना फोनने एकाच बाहुलीचे डोळे बसवलेले. घरचा फोटो आईनेच सुधारून आणलेला, जाता जाता बाबांचा तीळही पुसून टाकलेला. पहिला दवाखाना तर केव्हाच बंद झाला होता. त्याच दारावर नवी पाटी होती, आणि पूर्वीचीच बाई गल्ल्यावर बसून सांगत होती, "जुने कागद आमच्याकडे नसतात."

"मी आहे ना," बोंग-ए म्हणाली. "जन्म दिलाय तिला. मी सांगते."

डॉक्टर बाईंनी कागद ओढला, पेन्सिल घेतली. "सांगा."

"बारीक होते."

"सगळ्या आया हेच सांगतात. कोपरा वर जायचा की खाली?"

"सुजल्यासारखे दिसायचे. सकाळी तर बघवायचे नाहीत."

"अहो, मी आकार विचारतेय. दोन्ही सारखे होते? हसताना पूर्ण मिटायचे?"

कागदावर अजून एक रेघही उमटली नव्हती. सेरिनला आईची चीड आली, आणि चिडतानाच कळलं की आपल्यालाही यातलं काही सांगता येत नाही. आरशात तिने आईने दाखवलेली खोट तेवढीच पाहिली होती.

"आई, एक तरी गोष्ट आठव ना," ती म्हणाली. "एकच."

बोंग-एने कोरा कागद स्वतःकडे ओढला.

"ते बदलायचेच होते ना," ती म्हणाली. "म्हणून कधी नीट बघितलेच नाहीत."