काठोकाठ भरलेला पियाला

उझबेकिस्तानातल्या कोकंदच्या त्या व्यायामशाळेतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडून सात वर्षं झाली होती, आणि पोरींना वजन उचलायला शिकवणाऱ्या एर्गाश आकांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. त्यांचं घड्याळ रोबिया आपाच्या किटलीत होतं. सेट संपला की आपाने पोरीच्या हातात चहाचा पियाला द्यायचा. तो रिकामा होईपर्यंत पोरीने लोखंडाला हात लावायचा नाही. झाडलोट करणाऱ्या आपाला या कामाचा मोठा अभिमान होता.

आज मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सर्विनोजची परीक्षा होती. नव्वद किलोचा बार खांद्यावर घेऊन पाच बैठका, असे पाच सेट. पुरे झाले तर दुपारच्या बसने ताश्कंदला संघाच्या निवडीसाठी जायचं. नाही झाले तर घरी. पुढच्या वर्षी वय उलटणार होतं, त्यामुळे ही शेवटचीच संधी. तिच्याबरोबरच्या मफ्तुनाने सकाळीच आपले पाच सेट संपवले होते आणि ती बाकावर पाय पसरून नान चावत बसली होती.

सर्विनोजने दोन सेट झपाट्यात मारले. तिसऱ्यात मात्र शेवटच्या बैठकीला तिचे गुडघे लटपटले. बार ठेवला आणि तिने लगेच चहासाठी हात पुढे केला.

"अगं, दम खा जरा!" मफ्तुना म्हणाली. "ही काय कापूस वेचायची ओळ आहे? पाठ सरळ केलीस तर शेजारीण पुढे जाईल, होय?"

"तू नान खा. तोंड बंद राहील."

आपाने किटली वाकडी केली आणि सवयीने तळाशी दोन घोट पडताच हात थांबवला. तिकडची रीतच ती: माणूस जितकं जवळचं, तितका चहा थोडा. संपला की ते पुन्हा मागतं, पुन्हा ओतायला मिळतं. काठोकाठ पियाला नकोशा पाहुण्याला, पी आणि चालू लाग म्हणून. सर्विनोज तिची सगळ्यांत लाडकी. चार वर्षं तिला सगळ्यांत कमी. आणि ही तिखट जिभेची मफ्तुना? तिला आपा नेहमी जवळजवळ भरूनच द्यायची.

आपाने बाकावरच्या मफ्तुनाकडे पाहिलं. मग सर्विनोजच्या थरथरत्या मांड्यांकडे.

"अरे देवा," ती पुटपुटली. "पोरीचा दम मीच चोरला!"

तिने किटली पुन्हा वाकवली आणि वाफाळता चहा पार कडेला टेकवला. मफ्तुनाचा घास तोंडातच राहिला.

"आपा, शुद्धीवर आहात ना?" एर्गाश आका ओरडले.

सर्विनोजच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "आपा, मला घालवून देताय?"

"हो! ताश्कंदला! सगळा प्यायचा. फुंकर मारायची नाही, आपला आपण निवू दे. आणि एर्गाशजान, कायदा तुमचाच आहे, तेव्हा तोंड मिटा."

चहा इतका कढत होता की घाई करणं शक्यच नव्हतं. सर्विनोज ओठ लावी, मागे घेई, चडफडे. पण हळूहळू तिचा श्वास खाली बसला, मांड्या शांत झाल्या. पियाला उपडा ठेवून ती उठली आणि चौथा सेट तिने असा काढला, जणू तो पहिलाच!

"आण पियाला!" आपा ओरडली.

"पोट फुटेल माझं!"

"फुटू दे. गुडघे शाबूत हवेत."

दुसरा काठोकाठ पियाला संपायला युगं लागली. मग पाचवा सेट. एक. दोन. तीन. आता मफ्तुनासुद्धा बाकावर उभी राहून मोजत होती. चौथ्या बैठकीला बार अर्ध्यावर अडला. आपाने किटली छातीशी घट्ट धरली. ती पोळतेय याचं तिला भान नव्हतं.

"ऊठ, पोरी, ऊठ!"

उठली! आणि कोणी श्वास घ्यायच्या आत खाली बसून पाचव्यांदाही उठली. बार जमिनीवर आदळला, एर्गाश आकांनी टोपी उडवली, मफ्तुनाने सर्विनोजला कमरेला धरून गरगर फिरवलं.

दुपारी बसचा भोंगा वाजत असताना सर्विनोज पिशवी खांद्यावर टाकून किटलीपाशी आली. आपाने दोन घोट ओतले.

"एवढाच?"

"एवढाच," आपा म्हणाली. "म्हणजे परत यावं लागतं."