शेंदराच्या झाकणाआडची नळी

या मित्रांनो, असे पुढे सरका. मागच्यांनो, भिंतीला टेकू नका, गोष्टीत डुलकी चालायची नाही. माझ्यापाशी टाळ-मृदंग नाहीत, पण गोष्ट रंगेल याची हमी माझी. शेवटी तुमच्याकडे एक मागणंही आहे.

मी एक जुनी पितळी नळी आहे. आज डोंबिवलीच्या एका देवळात गाभाऱ्याचा पडदा माझ्यावरून सरकतो आणि दर एकादशीला मला कीर्तन ऐकायला मिळतं. पण माझी उमेदीची वर्षं गेली कोलशेतला, खाडीजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात. तिथे कापड रंगवत. एका जाड लोखंडी पिंपात आम्ही नळ्या-बहिणी ओळीने बसवलेल्या होतो. आमच्या पोटातून विहिरीचं पाणी वाहायचं आणि अंगाबाहेर वाफ खेळायची. वाफ आपली ऊब माझ्या हाती देई, मी ती पाण्याच्या ओटीत घाली. दोघांची गाठ कधी पडत नसे. देव आणि श्रोते यांच्या मधे कीर्तनकार उभा असतो ना, तशी मी उभी! या पिंपाला सगळे हीटर म्हणत.

हीटरचं गणित प्रभाकररावांनी मांडलं होतं. नवे इंजिनिअर, अंगाने काटकुळे, पण आकड्यांवर भारी विश्वास. पहिल्या दिवशी पाणी असं कढत आलं की मॅनेजर गोपीनाथरावांनी नळाखाली हात पोळून घेतला आणि पोळल्या हातानेच प्रभाकररावांची पाठ थोपटली.

आमची देखभाल फोरमन भाऊंकडे होती. माणूस देवभोळा, कीर्तनासाठी जेवण विसरणारा. पहिल्याच दसऱ्याला त्यांनी हीटरच्या झाकणावर शेंदराचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. पुढे दर दसऱ्याला शेंदरावर शेंदूर चढत गेला. बोल्टसुद्धा त्यात बुडाले. झाकण उघडायचं कुणी नाव काढलं की भाऊ आडवे पडत. बाहेरून आम्ही कशा लखलखीत! आत मात्र माझा श्वास कोंडत होता.

चौथ्या वर्षी पाणी कोमट येऊ लागलं. कापडावर रंग डागाळू लागला. सत्तावन्न सालचा दसरा तोंडावर आला, तेव्हा गोपीनाथराव हीटरसमोर येऊन उभे राहिले.

"प्रभाकर, तुमचं गणित कागदावर तापतं, रंगाच्या हौदात नाही. मोठा हीटर मागवतोय. हा मोडीत! भंगारवाला उद्या येईल."

मित्रांनो, माझं पितळ थिजलं. प्रभाकररावांनी मात्र शांतपणे थर्मामीटर काढला. आत जाणारं पाणी मोजलं, बाहेर येणारं मोजलं, मग भाऊंना जवळ बोलावलं.

"भाऊ, वाफेची ऊब पाण्याकडे जाताना वाटेत तिला तीन जण अडवतात. नळीला चिकटलेला वाफेच्या बाजूचा एक पातळ पापुद्रा, तसाच पाण्याच्या बाजूचा एक आणि मधलं पितळ. ते बिचारं नावालाच अडवतं. हे तिघं मी हिशोबात धरलेत. पण आज अडवणूक दुपटीच्या वर भरतेय. वाफ स्वच्छ, बाहेर काही साचत नाही. म्हणजे आत कुणी चौथा येऊन बसलाय."

"चौथा कोण?"

"आपल्या विहिरीच्या जड पाण्यातला क्षार. डाळ शिजते का त्या पाण्यात? गणित म्हणतं, थर यंदा निघालेल्या नव्या पैशाच्या नाण्याएवढा जाड असणार."

गोपीनाथराव हसले. "न उघडता जाडी सांगता? पत्रिका पण बघता का हो?"

"उघडून बघा. थर नसला तर माझं गणित चुकलं असं लिहून देतो. मग हीटर खुशाल मोडा."

भाऊ झाकणासमोर हात पसरून उभे राहिले. "अहो, इथे देव आहे! सणाच्या तोंडावर स्वस्तिक पुसू?"

"चार वर्षं देवाला शेंदूर लावलात, भाऊ. आंघोळ एकदा तरी घातलीत? देव आत पारोसा बसलाय."

भाऊंचा चेहरा लालबुंद झाला. आता पाना उगारतात की काय, असं मला वाटलं. आणि भाऊ एकदम खो खो हसत सुटले.

"अहो, मागच्या एकादशीला बुवा तासभर आतल्या मळावरच बोलत होते! डोलून डोलून माझी मान दुखली. आणि इथे कामावर येऊन... माझ्या हातून असं व्हावं!"

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि आपल्याच हाताने काढलेलं स्वस्तिक पुसलं. पुसताना ओठ हलत होते. नामस्मरण चाललं होतं. शेंदूर खरवडून बोल्ट सोडवले. झाकण निघालं आणि चार वर्षांनी उजेड माझ्या आरपार यायला धडपडला. आत पांढुरक्या क्षाराचं दाट अस्तर! भाऊंनी त्याची एक खपली काढून नव्या पैशाशेजारी धरली. बोटाने चाचपलं, पुन्हा चाचपलं.

"प्रभाकरराव, तंतोतंत हो!"

मग तारेचे ब्रश आले. भाऊंनी स्वतः आम्हां एकेकीला घासून न्हाऊ घातलं. दसऱ्याच्या सकाळी गोपीनाथरावांनी पुन्हा हात पोळून घेतला, या खेपेला मुद्दाम. भंगारवाला चहा पिऊन परत गेला.

भाऊंनी झाकणावर नवं स्वस्तिक काढलं आणि सर्वांना बजावलं, "हे दर दसऱ्याला पुसायचं. आधी आंघोळ, मग शेंदूर." तीच कारखान्याची रीत झाली. पुढे माझं एक टोक झिजलं, तेव्हा भाऊंनीच मागून घेऊन मला या देवळात आणलं. पडदा सरकवायला तेच असत. आता दुसरा हात सरकवतो.

म्हणून मागणं एवढंच, मित्रांनो. सायकल असो, शिवणयंत्र असो, दसऱ्याला फूल वाहण्याआधी त्याच्या आत डोकावा, साफ करा. आणि तेव्हा आमच्या भाऊंची आठवण काढा. आपणच काढलेलं स्वस्तिक आपल्या हाताने पुसायला छाती लागते. ती त्यांना होती.