मैनावहिनीचा दीर

देवजीनं सकाळीच दाढी केली, लग्नकार्यात घालायचा पांढरा सदरा अंगावर चढवला आणि ओट्यावर येऊन बसला. मुंबईहून भाविनीच्या कॉलेजची मंडळी डहाणूला येणार होती. पोरगी आर्किटेक्ट होतेय म्हणजे नक्की काय होतेय, हे त्याला धड ठाऊक नव्हतं. पण तिच्या मॅडम आपल्या घरी येणार म्हटल्यावर त्याला काय करू नि काय नको असं झालं होतं.

आत भाविनी आईच्या मागं लागली होती.

"बाबांना आज झाईला पाठव ना. आत्याकडे."

"आजच कशाला?"

"एवढी माणसं यायची. बसायला जागा कुठंय?"

"अगं, त्यांनी सदरा घातलाय," मैना म्हणाली.

"आई, प्लीज. आजच्या दिवस."

बाहेर देवजीच्या कानावर ते पडलंच. घर केवढं, त्यात कुजबुज ती केवढी लपणार! तो उठला आणि दारातून आत डोकावून म्हणाला, "बरोबर बोलते ती. शहरातली पोरं, जरा पाय पसरून बसतील. मी येतो ताईकडे जाऊन." आणि टमटम पकडून तो तलासरीच्या बाजूला निघूनही गेला. भाविनीला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज तिला त्या वेळी वाटली नाही. ती नंतर वाटली, आणि पुरून उरली.

गोष्ट अशी होती. पदव्युत्तर वर्गाच्या डिझाईन स्टुडिओत यंदा विषय होता किनाऱ्यावरच्या वस्तीसाठी एक सार्वजनिक जागा. भाविनीनं आपल्याच वाडीत बोंबील वाळवायला आणि मासळी निवडायला एक चांगली शेड काढली होती. पाटणकर मॅडमनी ती पाहिली आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "हे सगळं ठीक आहे. पण यात तू कुठं आहेस? तुझ्या घरचं काय आहे यात?"

घरचं काय असणार? बाप धक्क्यावर घसरून पडला, कंबर कामातून गेली, तेव्हापासून तो घरी बसून लोकांची जाळी विणतो आणि आई डोक्यावर पाटी घेऊन मसोलीच्या बाजारात मासळी विकते. हे सांगायला तिची जीभ रेटेना. समोर वर्गातली मुलं बसली होती. त्यांचे बाप डॉक्टर, बिल्डर, एकाचा तर राजदूत. आणि भाविनीच्या तोंडून निघून गेलं, "माझे बाबा समुद्रावर गेले, ते परत आलेच नाहीत."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग काय विचारता, भाविनीबाईंची पेन्सिल सुसाट सुटली. शेड राहिली बाजूला आणि त्या जागी उभी राहिली समुद्राकडे तोंड केलेली, पायऱ्यापायऱ्यांची एक लांब ओसरी. होड्यांची वाट पाहत बायकांनी बसावं म्हणून. मॉडेलमध्ये तिनं कागदाची एक बाई कापून पायरीवर बसवली. एकटीच. मॅडम म्हणाल्या, या वर्षीचं सगळ्यात खरं काम. आणि आज त्याच कामाची अखेरची तपासणी जागेवर व्हायची होती. गुण पडणार होते ते आजच.

मंडळी आली. किनाऱ्यावर फिरली, वाळत घातलेल्या बोंबलांचे फोटो काढले, नाकाला रुमाल लावावा की न लावावा या पेचात पडली आणि शेवटी घरी येऊन चटईवर बसली. मैना सगळ्यांसाठी चहा घेऊन बाहेर आली, तशा मॅडम तिच्या कपाळाकडे पाहत राहिल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. बापाला घरातून काढायचं भाविनीला सुचलं होतं, आईचं कुंकू मात्र ती साफ विसरली होती.

पण मॅडमना त्यातही अर्थ दिसला. त्यांनी मैनाचा हात धरला. "ताई, भाविनीनं सांगितलंय सगळं. होडी बुडाली, ते सापडले नाहीत. तरी तुम्ही कुंकू पुसलं नाहीत. तुम्ही अजून वाट पाहता. तिचं हे सगळं काम त्यातूनच उभं राहिलंय."

पाण्यावर माणूस असताना असलं बोलणं तर सोडाच, मनातही आणायचं नाही अशा घरातली मैना. तिनं लेकीकडे पाहिलं. लेक चटईचे धागे मोजत होती. मैनानं हातातला ट्रे खाली ठेवला.

आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी ओट्यावर खाकरलं.

दारात देवजी उभा होता. काखेत चिकूंची पिशवी. वाटेतल्या घोलवडपर्यंत गेला आणि त्याला वाटलं, ताई काय, कधीही भेटेल; पोरीचे पाहुणे आपल्या घरून रिकाम्या हातानं जायला नकोत. चिकू द्यायचे आणि पाऊल मागं घ्यायचं, एवढाच त्याचा बेत होता. तो कधीपासून तिथं उभा होता कोण जाणे. पण चेहरा सांगत होता की त्याच्या कानांवर सगळं पडलंय.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

मैना भाविनीकडे पाहत राहिली. देवजीही पाहत राहिला. त्या घरात उत्तर देणारी एकच व्यक्ती होती, आणि तिला फक्त दोन शब्द बोलायचे होते. भाविनीनं तोंड उघडलं. तिला गुणपत्रिका दिसली, वर्ग दिसला, राजदूताचा तो मुलगा दिसला. तिनं तोंड मिटलं.

"मी दीर," देवजी म्हणाला. "मैनावहिनींचा धाकटा दीर. हे चिकू द्यायला आलो होतो."

सतत नावानं हाक मारलेल्या बायकोला त्यानं वहिनी म्हटलं, आणि पाहुण्यानं बसावं तसा दाराशी टेकून बसला. मैनानं त्याला पाणी दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं.

"भाऊ कसे होते तुमचे?" मॅडमनी हळुवारपणे विचारलं.

देवजीनं थोडा विचार केला. "साधाच होता. शिकला नाही काही. पण पोरीचं कौतुक फार होतं त्याला."

वर्गातल्या एकीनं डोळे पुसले. दुसऱ्यानं कॅमेरा काढला. "काका, जरा त्या भिंतीपाशी उभे राहता? फोटोत माणूस असला की उंचीचा अंदाज येतो." देवजी उठला. दुखरी कंबर जमेल तेवढी ताठ करून, सदरा खाली ओढून तो स्वतःच्या घराच्या भिंतीपाशी परक्यासारखा उभा राहिला. भाविनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही ती बोलली नाही. मंडळी गाडीत बसली, मॅडमनी निघताना तिला जवळ घेतलं, तेव्हाही नाही.

दिवेलागणीला ती घरात शिरली, तर देवजी रोजच्या बनियनमध्ये बसून जाळं विणत होता. सदरा घडी होऊन पेटीत गेला होता. रागावला असता तर बरं झालं असतं, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर त्याहून बरं. पण तो सुईतून दोरा ओढत राहिला.

मैनानं पानं घेतली. भाताचं पातेलं भाविनीपुढं सरकवलं.

"वाढ," ती म्हणाली. "काकांना वाढ."

भाविनीचा हात डावावरच राहिला.

"मैना, पुरे," देवजी म्हणाला. त्यानं स्वतःच पातेलं ओढून भात वाढून घेतला, वर कालवण ओतलं. दोन घास खाल्ले. मग न राहवून त्यानं विचारलंच, "पण बाय, ते तुझं काम... मॅडमना आवडलं ना?"

भाविनीच्या डोळ्यांतून पाणी पानात पडत होतं. तिनं मान हलवली.

"हो, बाबा."

"काका म्हण," मैना म्हणाली, आणि तिनं नवऱ्याच्या पानात माशाची आणखी एक तुकडी वाढली.