झुडूप निळं कशानं झालं

“मागे सरा, मागे सरा! झाड आजार ओढून घेतंय!”

तीस वर्षं झाली, तरी फुलबाबांचा तो आवाज कानात तसाच आहे. आमच्या अंगणात मुंगीला वाट नव्हती. कुंपणावरसुद्धा चार जण चढून बसलेले. मधोमध आईचं हायड्रेंजियाचं झुडूप, ताटाएवढ्या गुच्छांनी लवलेलं. दरवर्षी गुलाबी फुलणारं ते त्या वर्षी निळंशार फुललं होतं.

“गुलाबी जाई, निळं येई, डोळ्याचा मळ फूल घेई!” बाबा नाकातून गायले. लोकांनी हात जोडले.

डोळे होते अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. धंदा केस कापायचा, दाढी करायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि हातात वस्तरा! शेजारचे मास्तर खुर्चीत बसता बसता म्हणायचे, “अण्णा, गाल आहे हो, पाटी नव्हे.” डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. नेमके पानगळीत, फुलांनी आजार काढतो म्हणत, फुलबाबा उगवले. झुडपाच्या मुळाशी ओतायला बाटलीभर ‘सिद्धजल’ दिलं आणि अण्णांनी तारीख पुढे ढकलली. मग आठवड्याला एक बाटली सुरू झाली.

पानं झडली. “बघा, आजार गळतोय!” बाबा म्हणाले.

“अहो, ते दरवर्षीच झडतं,” आई म्हणाली. “थंडीत नुसत्या काड्या, ऊब आली की पालवी. त्याचं ते येतं, त्याचं ते जातं.”

“तू गप गं,” अण्णा म्हणाले.

आई गप्प बसली. तिचे हात मात्र बसले नाहीत. तिनं बाटलीतला थेंब जिभेवर ठेवला. तोंड आवळलं. त्याच दिवशी तिनं अण्णांच्या दुकानातून तुरटीचा एक खडा उचलून आणला. मागच्या पायरीवर त्याच झुडपाच्या फांद्यांपासून वाढवलेली दोन रोपं कुंड्यांत होती. एकीला ती साधं पाणी घालू लागली, दुसरीला तुरटीचं. हिवाळाभर काड्यांना पाणी घालणारी आई पाहून आम्ही भावंडं हसायचो.

आणि आता, ऐन गर्दीत, दोन काखांत दोन लेकरं घ्यावीत तशी ती दोन कुंड्या घेऊन आली. एक गुलाबी, एक निळी.

“बाबा, ही निळी तुमचीच कृपा का?”

“अर्थात, माई! आमची दृष्टी मागच्या पायरीपर्यंत पोचते.”

“मग ही गुलाबी कशी राहिली? हिच्यावर रुसलात?”

कुंपणावरचा एक जण फिस्सकन हसला.

“निळीला मी तुरटीचं पाणी घातलं,” आई म्हणाली. “मंत्र नाही, तंत्र नाही. माती आंबट असली आणि तिला तुरटी मिळाली, की या झाडाची गुलाबी फुलं निळी होतात. रोपवाटिकेतल्या कुणालाही विचारा. बाबांच्या बाटलीतही तीच आहे. चाखा हवं तर.”

मास्तरांनी बोट बुडवून चाखलं. त्यांचं तोंड सुकल्या आवळ्यासारखं झालं. “तुरटीच की!”

बाबांना तेवढ्यात दूरच्या कुणा भक्ताची हाक ऐकू आली. चपला पायात घालायलाही ते थांबले नाहीत.

“फूल डोळ्यांना सुख देईल, दृष्टी नाही देणार,” आई लोकांना म्हणाली. “कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी एक कुंडी साध्या पाण्यावर ठेवून बघा. एवढंच.”

अंगण रिकामं झालं. अण्णा पायरीवर बसून राहिले. बाटली हातात घेऊन म्हणाले, “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बोट कापलं होतं, त्यावर ते पाणी सांडलं आणि झोंबलं. चाळीस वर्षं लोकांच्या गालांवर तुरटी फिरवतोय. मला कळणार नाही?”

आई थक्क झाली. “मग बोलला का नाहीत?”

अण्णांनी तिचा हात चाचपून धरला.

“भीती वाटते गं. रोज दुसऱ्याच्या गळ्यावर वस्तरा धरतो मी. हात चुकला तर काय होतं, ते मला ठाऊक आहे. उद्या दवाखान्यात… तू बरोबर येशील?”