हिरड्यांवरच्या पिवळ्या रेघा

मी प्रिंटर बोलतोय. टेबलावर बसून अर्ज-दाखले छापणारा नव्हे; दहा फूट रुंदीचा, फ्लेक्स छापणारा. मला आत घेताना दुकानाच्या दाराची चौकट काढावी लागली होती. दार अजूनही नीट लागत नाही, आणि त्याचं खापर माझ्यावरच फुटतं.

दुकान बहीण-भावाचं. थोरली बहीण संगणकावर चित्रं जुळवते. तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही. धाकटा भाऊ मला चालवतो. तो मालक.

माझं डोकं रुळावरून इकडून तिकडे धावतं. त्याच्या तळाला केसाहून बारीक छिद्रं आहेत, त्यांतून शाई उडते. हा तळ पुसायला एक रबरी पट्टी आहे. ती पट्टी माणसानं रोज साफ करावी, असं माझ्या माहितीपुस्तकात लिहिलंय. पुस्तक माझ्या मागच्या पायाखाली आहे. तिथली फरशी खचलीय.

त्या दिवशी दातांच्या एका डॉक्टरबाईंचा फलक छापायचा होता. सात वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात राबून त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला होता. संध्याकाळी पाचला उद्घाटन. चित्रात एक मोठ्ठं हसू.

मी छापलं, आणि माझं मलाच कसंतरी झालं. गुलाबी हिरड्यांवर पिवळ्या रेघा.

"हे बघून पेशंट उलटपावली जातील," ताई म्हणाली.

"फाइलच तशी असेल."

"फाइलमध्ये दात घासलेले आहेत."

मालकानं संगणक बंद करून चालू केला. माझा वेग कमी केला. माझ्या झाकणावर दोन थापा मारल्या. मग डोकं साफ करायचं बटण अकरा वेळा दाबलं. चांगली शाई गटारात गेली, रेघा जागच्या जागी. शेवटी त्यानं फलक गुंडाळला. "लांबून कोणाला दिसतंय?"

दुपारी डॉक्टरबाई आल्या. त्यांनी गुंडाळी तिथेच उलगडली. हळूच म्हणाल्या, "हा मी दारावर कसा लावू?"

ताईनं माझा चाचणीचा कागद पुढे केला. त्यावर प्रत्येक रंगाच्या बारीक रेषांची रांग असते. लाल रांगेत मधेमधे खिंडारं होती; तिथे गुलाबीतला लाल गळून नुसता पिवळा उरत होता.

"याचे लाल दात पडलेत," बाई म्हणाल्या. "सफाई कोण करतं?"

"मीच. रोज," मालक म्हणाला.

"रोज म्हणजे?"

"म्हणजे... वेळ मिळेल तशी."

"शेवटची कधी केलीत?"

मालक छताकडे बघू लागला. बाईंना या नजरेची सवय असावी. मोबाइलचा उजेड पाडून त्यांनी वाकून पाहिलं. रबरी पट्टीवर वाळलेल्या शाईचा जाड थर बसला होता. "पुसणारीच बरबटलीय. ती काय पुसणार?"

त्यांनी बाह्या सारल्या. ताईनं सफाईचं औषध आणि मऊ कापड दिलं. पट्टी स्वच्छ झाली. माझ्या डोक्याखाली औषधात भिजवलेला स्पंज ठेवला. "आता वीस मिनिटं हात लावायचा नाही. भिजू द्यायचं, खरवडायचं नाही."

इतक्या हळुवारपणे मला कुणी कधी हाताळलं नव्हतं. मालकाला मात्र ती वीस मिनिटं जड गेली. तो डाव्या गालानं चहा पीत बसला.

"उजवी दाढ कधीपासून दुखतेय?" बाईंनी विचारलं.

"कुठे दुखतेय?"

"दोन महिने झाले," ताई म्हणाली.

पुढच्या चाचणीत लाल रांग अखंड आली. मी जीव ओतून छापलं. हिरड्या अशा उतरल्या की बाईंनी त्यांवरून बोट फिरवून पाहिलं. पाच वाजता फलक दारावर लागला, आणि ताईनं पहिला पेशंट दंडाला धरून हजर केला.

दुसऱ्या दिवशी मालक दाढ काढलेला, सुजलेला गाल धरून आला. खाली बसला आणि माझी पट्टी नीट पुसली. त्याला तीन दिवस बोलायची मनाई आहे. दुकानात इतकं शांतपणे काम कधी झालं नव्हतं.

डॉक्टरबाई, माझी एकच विनंती. त्याची डावी दाढही एकदा बघून ठेवा.